समजणे म्हणजे मध्ये उभे राहणे

इंग्रजी ‘अंडरस्टँड’ हा शब्द वरकरणी ‘खाली उभे राहणे’ असा वाटतो. परंतु प्राचीन इंग्रजीत ‘अंडर’चा अर्थ ‘मध्ये’ असाही होता. म्हणून अनेक भाषापंडित त्याचा मूळ अर्थ ‘मध्ये उभे राहणे’ असा लावतात. आपल्या ‘समजणे’च्या मुळाशी संस्कृत ‘बुध्’ धातू, म्हणजे जागे होणे, आहे.

महाड-पोलादपूरकरांना ह्याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव कागदावरच राहिला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. सत्याग्रहींनी त्यासाठी मारही सोसला. तेव्हा त्या ठरावाचा अर्थ महाडला उमगला. शेजाऱ्याचे दुःखही आपणांस काठावरून दिसते. समजते मात्र त्याच्यामध्ये उभे राहिल्यावरच.