डेमोसीन

डेमोसीन : संगणकाच्या मर्यादित साधनसामग्रीतून चलच्चित्रे व संगीत निर्माण करणाऱ्या हौशी कलावंतांचा, मुख्यतः यूरोपीय, समुदाय व त्यांची कला. या कलाकृतीस ‘डेमो’ म्हणतात. डेमो हा आधी चित्रित करून ठेवलेला चित्रपट नव्हे. ती एक आज्ञावली असून, ती चालू असतानाच तिच्यातील दृश्ये व स्वर संगणक त्या त्या क्षणी तयार करतो. त्यामुळे पडद्यावर काय दिसते, याइतकेच ते कोणत्या यंत्रावर व किती स्मृतीत साधले, यालाही महत्त्व असते. हे दुसरे अंग वगळल्यास या कलेचे मर्म हाती लागत नाही.

या कलेचा उगम आडमार्गाने झाला. १९८० नंतरच्या काही वर्षांत ॲपल २, कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम यांसारखे घरगुती संगणक तरुणांच्या हाती आले. विकत मिळणाऱ्या खेळांची नक्कल होऊ नये म्हणून त्यांत काही अडसर घातलेला असे. तो मोडून खेळाच्या प्रती वाटणारे गट निर्माण झाले आणि गटाचे नाव, सरकती अक्षरे व एखादी धून असलेली सहीवजा पाटी ते खेळाच्या आरंभी जोडू लागले. ही पाटी म्हणजे ‘क्रॅक्ट्रो’. पाट्यांमधील चढाओढ वाढत जाऊन १९८५ नंतर त्या खेळापासून सुटल्या व स्वतंत्र कृती म्हणून वाटल्या जाऊ लागल्या. बेकायदा प्रती वाटण्याचा वारसा पुढील काळात मागे पडला. टोपणनावाने वावरण्याची आणि आज्ञावलीकार, चित्रकार व संगीतकार यांनी गटाने काम करण्याची रीत मात्र टिकली. तबकड्या टपालाने देशोदेशी जात. तिकिटांवर गोंदाचा लेप देऊन टपालाचा शिक्का मागाहून धुऊन काढण्याची व तेच तिकीट पुन्हा वापरण्याची युक्तीही या मंडळींत प्रचलित होती.

डेमोकारांचे कसब कमोडोर ६४ (१९८२) या यंत्रावर विशेष स्पष्टपणे दिसते. त्याची स्मृती ६४ किलोबाइट, रंग १६ व प्रक्रियकाची गती सेकंदास सुमारे १० लाख आवर्तने एवढीच होती. यूरोपीय दूरचित्रवाणी पद्धतीनुसार तो सेकंदास सुमारे ५० चित्रे, प्रत्येकी ३१२ ओळींत, रेखीत असे. एका ओळीच्या अवधीत प्रक्रियकाची ६३ आवर्तने होत. इलेक्ट्रॉन शलाका कोणत्या ओळीवर आहे हे जाणून नेमक्या क्षणी रंग बदलला, की पडद्यावर झळाळते पट्टे उमटतात. याहून चतुर युक्ती कडेसंबंधीची आहे. चित्राच्या वरखाली एकरंगी कड असते व ती कोठे सुरू करावयाची, हे चित्र रेखणारी चिप ओळीचा क्रमांक ताडून ठरविते. मजकुराच्या २५ ओळींची मांडणी ऐन वेळी २४ ओळींची केली, तर ताडण्याचा क्षण हुकतो आणि कड उघडी राहून तेथेही आकृत्या हलविता येतात. यंत्राच्या रचनाकारांनी अशी सोय योजिलेली नव्हती.

ॲमिगा (१९८५) या संगणकाने अधिक रंग व चार ध्वनिमार्ग उपलब्ध करून दिले. त्यासाठी कार्स्टेन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये साउंडट्रॅकर ही आज्ञावली रचली. वाद्यनादांचे छोटे नमुने आणि ते केव्हा व कोणत्या स्वरात वाजवावयाचे याचे लेखन तीत एकत्र साठविले जाई. त्यामुळे पूर्ण ध्वनिमुद्रणाला लागणारी जागा वाचत असे.

स्पर्धात्मक मेळावे हा या समुदायाचा आधार होय. डेन्मार्कमधील द पार्टी (१९९१–२००२), फिनलंडमधील असेंब्ली (१९९२ पासून) व जर्मनीतील रिव्हिजन (२०११ पासून, ईस्टरच्या सुटीत) हे त्यांपैकी प्रमुख. डेमो मोठ्या पडद्यावर दाखविले जातात व विजेते बहुधा उपस्थितांच्या मतांनी ठरतात. १९९३ च्या असेंब्लीत फ्यूचर क्रू या फिनिश गटाच्या सेकंड रिॲलिटी या डेमोने पहिले पारितोषिक मिळविले. कार्यालयीन कामाचे यंत्र समजला जाणारा पीसी या कलेस अपुरा आहे, हा समज त्याने बराचसा दूर केला.

यंत्रे शक्तिमान झाल्यावर त्यांच्या मर्यादांचे आव्हान उरले नाही. तेव्हा डेमोकारांनी मर्यादा स्वतःच घालून घेतल्या. संपूर्ण कृती ६४ किलोबाइटांत (६५,५३६ बाइट) किंवा ४ किलोबाइटांत (४,०९६ बाइट) बसविण्याच्या स्पर्धा यामुळे महत्त्वाच्या ठरल्या. अशा कृतीत चित्र साठविलेले नसते, ते घडविण्याची कृतिसूत्रे साठविलेली असतात : संगमरवराचा पोत, डोंगरांची उंचसखल रांग, ढग ही सारी गणिती फलनांतून उभी केली जातात. जर्मन गट फार्ब्राउश याची द प्रॉडक्ट (२०००) ही ६४ किलोबाइटांतील कृती सुमारे ११ मिनिटे चालते. एलिव्हेटेड (२००९) या ४ किलोबाइटांतील कृतीत हिमाच्छादित पर्वतराजीवरून होणारा प्रवास संगीतासह दिसतो. संगणकाच्या कार्यप्रणालीतील तयार आज्ञासंचांचे साहाय्य अशा कृतींना मिळते व ते या हिशेबात धरले जात नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. दाबून लहान केलेल्या या आज्ञावलींना विषाणुरोधक आज्ञावली पुष्कळदा विषाणूच समजतात.

या कलेतून पुढे आलेल्यांनी व्यावसायिक क्षेत्रातही नाव मिळविले. स्वीडनमधील डाइस (१९९२) व फिनलंडमधील रेमेडी (१९९५) या खेळनिर्मिती संस्थांच्या स्थापनेत डेमोकारांचा वाटा होता.

फिनलंडने २०२०, जर्मनी व पोलंड यांनी २०२१ आणि नेदर्लंड्सने २०२३ मध्ये डेमोसीनचा समावेश आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत केला. या सूची युनेस्कोच्या २००३ च्या करारास अनुसरून असल्या, तरी युनेस्कोची जागतिक सूची त्यांहून वेगळी आहे.

जतनाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. डेमोचे चित्रमुद्रण केल्यास दृश्य टिकते, पण ते यंत्राने त्या क्षणी घडविले ही गोष्ट नाहीशी होते. जुनी यंत्रे नादुरुस्त होतात, तर कार्यप्रणालीतील बदलांमुळे अलीकडच्या कृतीही नव्या संगणकांवर चालेनाशा होतात. एका यंत्राचे वर्तन दुसऱ्यावर वठविणाऱ्या अनुकारक आज्ञावलींचा उपयोग होतो, तथापि त्यांना सारेच साधते असे नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी रचलेला ८०८८ एमपीएच हा डेमो २०१५ च्या रिव्हिजनमध्ये सादर झाला. नेहमी १६ रंगांपुरत्या मानल्या जाणाऱ्या चित्रपत्रावर त्याने १,०२४ रंग दाखविले. त्या वेळी उपलब्ध असलेल्या कोणत्याही अनुकारकावर तो नीट चालला नाही.