बास गिटारचा टोन आणि रेडिओ मेकॅनिकचा हुन्नर

एके काळी प्रत्येक मोहल्ल्यात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे निदान एक तरी दुकान असे. हातात आयर्न, समोर उघडा संच आणि बाकावर वाट पाहणारे गिऱ्हाईक, हे दृश्य आमच्या वाचकांपैकी अनेकांनी लहानपणी पाहिले आहे. कित्येकांच्या वडिलांनी याच कामावर घर चालवले. पुढे संच स्वस्त झाले, दुरुस्तीपेक्षा नवा घेणे परवडू लागले आणि ही दुकाने एकेक करून मोबाईलच्या कव्हरांची झाली. हुन्नर हातात राहिला, पण त्याला माल मिळेना. अशा कारागिराने करायचे काय, हा प्रश्न या पानावर मांडावा असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते.

त्याचे एक उत्तर आम्हाला विरार पूर्वेला चंदनसार येथे मिळाले. तेथील एका छोट्या गाळ्यात पूर्वी रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक कारागीर आज बास गिटारच्या पोटातील टोन कंट्रोल बदलून देण्याचे काम करतात. त्यांनी नाव छापू नये अशी विनंती केल्यामुळे आम्ही त्यांना येथे उस्ताद म्हणूनच संबोधतो.

हे वाद्य मुळात रेडिओवाल्याचेच

बास गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही, पण काढून घेतली तर गाणे पोकळ वाटते. हिंदी सिनेसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे वाद्य वाजवत. आज लग्नाचा बँड असो, चर्चमधील गायनवृंद असो की कॉलेजच्या मुलांचा ग्रुप असो, बासशिवाय चालत नाही. वसई तालुक्यात ख्रिस्ती समाजाची वस्ती मोठी असल्याने या वाद्याचे वाजवणारे तेथे भरपूर आहेत.

हे वाद्य बाजारात आणणारा माणूस कोण होता, हे आमच्या कारागीर बांधवांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी लिओ फेंडर यांनी १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. दुकानात दुरुस्तीला येणारे अ‍ॅम्प्लिफायर आणि वादकांच्या तक्रारी ऐकता ऐकता ते वाद्यांच्या धंद्यात शिरले. १९५१ साली त्यांची 'प्रिसिजन बास' आली आणि १९६० साली 'जॅझ बास' आली. आजही निम्मे जग याच दोन नमुन्यांच्या नकला वाजवते.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार देणारे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर. तलवारींचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये हाती घेतली. त्यांच्या वंशजांचे आडनावच पुढे सतारमेकर झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जुने काम बुडाले म्हणून हात बुडत नाहीत, हेच यातून दिसते.

पोटात असते काय?

उस्तादांनी आमच्यासमोर एका बासचे झाकण उघडले. आत पाहून रेडिओ मेकॅनिकला हसू यावे इतका साधा मामला होता. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत अगदी अल्प वीज निर्माण होते. ती एका व्हॉल्यूम कंट्रोलमधून जॅककडे जाते. शेजारी दुसरे बटण टोनचे. त्याला एक कंडेन्सर जोडलेला असतो. बटण कमी केले की आवाजातील तीक्ष्ण भाग कंडेन्सरमधून अर्थला निघून जातो आणि जाड भाग मागे उरतो. जुन्या रेडिओतील टोनचे बटण याच तत्त्वावर चाले.

वादकाची तक्रार बहुधा दोन प्रकारची असते. एक म्हणजे टोन कमी केला की आवाज एकदम गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो. दुसरी म्हणजे बटण बराच वेळ फिरवले तरी काही घडत नाही आणि शेवटच्या टोकाला एकदम सगळे घडते.

पहिल्या तक्रारीचा इलाज कंडेन्सरमध्ये असतो. बहुतेक बासमध्ये ४७३ छापलेला कंडेन्सर असतो, म्हणजे ४७ वर तीन शून्ये, ४७,००० पिकोफॅरड किंवा ०.०४७ मायक्रोफॅरड. त्याऐवजी २२३ लावला की फक्त वरची धार जाते आणि मधला आवाज शिल्लक राहतो. १०४ लावला की आवाज आणखी जाड होतो. दुसऱ्या तक्रारीचा इलाज कंट्रोलमध्ये असतो. आशियाई मालावर 'बी' लिहिलेला कंट्रोल सरळ चढतो आणि 'ए' लिहिलेला कानाच्या हिशोबाने चढतो. टोनसाठी 'बी' बसवला असेल तर त्याच किमतीचा 'ए' बसवून पाहावा. साध्या पिकअपला बहुधा २५० किलो-ओहमचा कंट्रोल असतो. ५०० चा लावला तर आवाज थोडा अधिक उघडा होतो.

उस्तादांची रीत आम्हाला पसंत पडली. ते आधी काहीच कायम जोडत नाहीत. दोन वायरींना मगरचिमटे लावून बाहेर काढतात आणि वादकाला वाजवायला सांगून एकेक कंडेन्सर बदलत जातात. कोणता लावला आहे ते सांगत नाहीत. वादकाने दोनदा एकच पसंत केला, तर तोच पक्का करतात. टोनचे बटण पूर्ण उघडे असताना कंडेन्सर बदलल्याचा फरक जवळजवळ ऐकू येत नाही, हेही ते आधीच सांगतात. बाजारात काही जुने किंवा भारी कंडेन्सर शंभरपट भावाने विकले जातात. मीटरवर मोजून मूल्य सारखे भरले, तर लॅमिंग्टन रोडवर मिळणारा काही रुपयांचा साधा कंडेन्सर तेच काम करतो, असे उस्तादांचे म्हणणे आहे. गिऱ्हाईक स्वतः भारी माल मागत असले तरी ते हे सांगतात.

बॅटरीने दिलेला धडा

याहून मोठे काम म्हणजे गिटारच्या पोटातच छोटा प्रीअ‍ॅम्प बसवणे. १९७६ साली आलेल्या 'स्टिंगरे' या म्युझिक मॅन कंपनीच्या बासने ही पद्धत लोकप्रिय केली. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे सर्किट जाड आणि बारीक आवाज केवळ कमीच करत नाही, तर वाढवूही शकते. पैसे या कामात जास्त मिळतात, आणि धोकाही याच कामात आहे.

उस्तादांनी पहिले असे सर्किट स्वतः तयार केले. टीएल ०७२ ही आयसी त्यांच्या डब्यात होती, तीच वापरली. वसईचा एक तरुण वादक आवाज ऐकून खूश झाला आणि गिटार घेऊन गेला. पुढे एका कार्यक्रमानंतर त्याने गिटार वायरीसकट भिंतीला टेकवून ठेवली, ती दहा दिवस तशीच राहिली. अकराव्या दिवशी लग्नाचा हॉल भरला, वधूवर आत आले, बँड सुरू झाला आणि बासमधून आवाजच निघेना. तीन गाणी तो मुलगा नुसता उभा होता. बँडच्या मालकाने त्या दिवसाचे पैसे कापले आणि पुढच्या लग्नाला दुसरा वादक बोलावला.

दुसऱ्या दिवशी मुलगा चंदनसारला आला. त्याने भांडण केले नाही. एवढेच म्हणाला, "अंकल, माझी काय चूक झाली ते सांगा."

उस्ताद म्हणाले, "बेटा, चूक तुझी नाही. मी तुला सांगितले नाही, ती माझी चूक."

मग त्यांनी कागदावर हिशोब मांडला. अशा सर्किटमध्ये जॅक स्टीरिओ असतो. बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या पत्तीला जोडतात. साधी मोनो पिन आत गेली की ती पत्ती अर्थला टेकते आणि बॅटरी चालू होते. म्हणजे पिन आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, कोणी वाजवो अथवा न वाजवो. टीएल ०७२ सुमारे २.८ मिलिअ‍ॅम्पिअर खाते. नऊ व्होल्टच्या चांगल्या अल्कलाईन बॅटरीत सुमारे ५०० मिलिअ‍ॅम्पिअर-तास असतात. भागाकार केला तर पावणेदोनशे तासांच्या आसपास, म्हणजे आठवड्याभरात बॅटरी संपते. हा हिशोब पाच मिनिटांचा होता. तो काम हाती घेण्यापूर्वी करायला हवा होता, असे उस्ताद आजही बोलून दाखवतात.

त्यांनी त्या मुलाचे काम पुन्हा केले आणि पैसे घेतले नाहीत. आयसी बदलून टीएल ०६२ बसवली. ती सुमारे ०.४ मिलिअ‍ॅम्पिअरवर चालते, त्यामुळे बॅटरी सातपट टिकते. तिच्यात सूं असा आवाज किंचित जास्त येतो, हे त्यांनी मुलाला आधी सांगितले आणि ऐकवले. शिवाय एक छोटा स्विच बसवला. तो दाबला की सर्किट बाजूला पडते आणि पिकअपचा आवाज जुन्या वाटेने थेट बाहेर जातो. आता बॅटरी भर मंडपात संपली तरी वादकाची इज्जत जात नाही. तो मुलगा आजही त्यांच्याकडेच येतो, आणि त्याच्यामुळे आणखी गिऱ्हाइके आली.

काढलेला माल गिऱ्हाइकाचा

आमच्या मते या धंद्यातील सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. मिरजेचा कारागीर सतारीची जवारी काढतो, तेव्हा घोडीचा पृष्ठभाग घासून आवाज उघडतो किंवा बंद करतो. जे घासले गेले ते परत येत नाही, म्हणून त्या हाताला वर्षानुवर्षांची तालीम लागते. गिटारच्या पोटातील काम मात्र पूर्णपणे उलटवता येते, अट एवढीच की कारागिराने तसे ठरवले पाहिजे. जुन्या गिटारला तिच्या मूळ सुट्या भागांमुळे किंमत असते. मूळ कंट्रोल कचऱ्यात टाकला किंवा लाकडाला नवे भोक पाडले, तर मालकाचे नुकसान भरून निघत नाही, आणि बहुतेक वेळा त्याला ते विकायला गेल्यावरच कळते.

म्हणून उस्ताद झाकण उघडताच मोबाईलवर फोटो काढतात आणि जोडणीची आकृती वहीत उतरवतात. लाकडाला भोक पाडत नाहीत. नवा स्विच हवा असेल तर ओढल्यावर स्विचचे काम करणारा व्हॉल्यूम कंट्रोल जुन्याच भोकात बसवतात. काढलेला प्रत्येक भाग, अगदी जुना कंडेन्सरसुद्धा, पाकिटात घालून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. त्याला ते अमानत म्हणतात. बिलावर सामान आणि मजुरी वेगळी लिहितात. बॅटरीचे काम असेल तर सोबत तीन ओळींची चिठ्ठी देतात: वाजवून झाले की पिन काढा, मोठ्या कार्यक्रमाआधी बॅटरी बदला, आवाज गेला तर स्विच दाबा.

काम सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी

भांडवल फारसे लागत नाही. चांगला मल्टिमीटर, कंडेन्सर मोजणारा मीटर, रोझिनचे सोल्डर आणि दोन आयर्न पुरतात. बारीक कामाला पंचवीस वॅटचा आयर्न घ्यावा आणि कंट्रोलच्या पाठीवर अर्थ जोडायला त्याहून जोरदार. कमकुवत आयर्न पाठीवर फार वेळ धरून ठेवल्याने कंट्रोल आतून जळतो. गिटारचे पॉलिश मालकाला जिवापाड असते, म्हणून खाली जाड कापड अंथरावे.

मंडपातील दिव्यांमुळे गिटार गुणगुणते, अशी तक्रारही वारंवार येते. पोटातील पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली आणि तारांच्या घोडीपर्यंत अर्थची वायर पोचते याची खात्री केली, तर गुणगुण बरीच कमी होते. मात्र घोडी अर्थला जोडलेली असते म्हणूनच अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थिंगही तपासायला सांगावे. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात अर्थिंग नीट नसेल, तर तारांना हात लावणाऱ्या वादकाच्या जिवावर बेतू शकते. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन कापून गुणगुण घालवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर तो साफ नाकारावा.

सुरुवात स्वतःच्या किंवा जुन्या बाजारातील एखाद्या स्वस्त बासवर करावी. हात बसला की आपल्या भागातील वादकांना, बँडवाल्यांना आणि वाद्यांच्या दुकानदारांना जाऊन भेटावे. दुकानदार वाद्य विकतो, पण आतील काम करणारा माणूस त्याला सहजासहजी सापडत नाही.

आम्ही निघालो तेव्हा उस्तादांच्या टेबलावर एक नवी बास आली होती. त्यांनी झाकण उघडले, पण आयर्न तापवला नाही. आधी वही घेतली आणि आतील प्रत्येक वायर कोठून कोठे जाते ते उतरवू लागले.