माल्ट: नागली, ज्वारी आणि काही पक्के गैरसमज

माल्ट म्हटलं की नजरेसमोर बाटली येते. पण अकोले तालुक्यात नागलीला मोड आणून, वाळवून, हलकी भाजून लेकरांसाठी सत्त्व दळतात, तेही माल्टच. त्यात दारूचा थेंब नसतो. दाणा भिजून अंकुरला की त्यात एंझाइम जागे होतात. स्टार्चची साखर करायचं काम त्यांचं. वाळवून अंकुर थांबवला की झालं माल्ट. साखरेचं मद्य करतं ते यीस्ट, आणि सत्त्वात त्याचा संबंधच येत नाही.

दुसरा गैरसमज हौशी तरुणांचा: विकायची नसेल तर घरी बिअर करायला हरकत नाही. अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्याने तशी मोकळीक मिळाली आणि व्हिडिओ बहुतेक तिकडचेच पाहिले जातात. इथे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय मद्य बनवणं हाच गुन्हा, मग ते स्वतःपुरतं का असेना. तेव्हा पुढचं वाचायचं ते समजून घेण्यासाठी. करून पाहायचं ते न्यू जर्सीतल्या भाच्याने.

बिअरला सातूच लागतो, हेही अर्धंच खरं. बेल्जियमच्या वालोनी भागात शेतकरी हिवाळ्यात 'सेझों' नावाची बिअर करून ठेवत आणि उन्हाळ्यात शेतावरच्या मजुरांना देत. सातूचं माल्ट मुख्य. त्याच्या जोडीला गहू, ओट, जे कणगीत असेल ते. एक ठरलेली कृती नव्हतीच. हे वाचून पारनेर-जामखेडच्या माणसाला वाटणारच, मग आपली ज्वारी का नको?

चालते, पण सातूसारखी वागवून नाही. सातूचा स्टार्च साधारण ६० ते ६५ अंशांना फुगतो आणि त्याच तापमानाला एंझाइम जोमात असतात. ज्वारीचा स्टार्च फुगायला ७० अंशांच्या आसपास किंवा वर जावं लागतं. तिथे साखर करणारा एक महत्त्वाचा एंझाइम, बीटा-अमायलेज, टिकत नाही. ज्वारीच्या माल्टमध्ये तो मुळातच कमी. म्हणून ज्वारी आधी कण्यांसारखी शिजवतात, निववतात आणि मग तिच्यात सातूचं माल्ट मिसळतात. नायजेरियाने १९८८मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना ज्वारीकडे वळावं लागलं. त्यांनी एंझाइम बाहेरून घातले. म्हणजे अडचण खरी आहे आणि वाटही आहे.

ज्वारीची याहून गंभीर गोष्ट वेगळीच, आणि ती बिअरच्या वाऱ्यालाही उभं न राहणाऱ्यांनी ऐकावी. 'मोड आले की धान्य जास्त पौष्टिक' हे नागलीवरून ज्वारीला लावू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे नगरच्या शेतकऱ्याला (जिल्हा आता अहिल्यानगर, तोंडी अजून नगर) सांगायला नको. तेच विष, सायनाइड सोडणारं धुरिन, मोडातही असतं. दाण्यात ते नगण्य, कोंबात आणि मुळ्यांत भरपूर. म्हणून माल्टची ज्वारी वाळली की चोळून, पाखडून कोंब आणि मुळ्या काढून टाकतात. मोडासकट ज्वारी दळून 'हेल्दी' पीठ विकणाऱ्यांनी हे कधी विचारलंय का, कोण जाणे.

काळी बिअर म्हणजे कडक, हा समज तर फारच जुना. रंग येतो खरपूस भाजलेल्या माल्टने, आणि त्याला मूठभर माल्ट पुरतं. खूप भाजलं की एंझाइम मरतात, त्यामुळे सगळंच माल्ट काळं घेतलं तर साखर बनणारच नाही. काळीशार गिनेस डब्लिनमध्ये साधारण ४.२ टक्के असते; आपल्याकडच्या पिवळ्या 'स्ट्राँग' बिअरपेक्षा बरीच सौम्य.

सेझोंची मिऱ्या-लवंगेसारखी चवही माल्टची नव्हे. ती यीस्टची करामत. माल्ट बदलत बसून ती चव शोधणारे वर्षं घालवतात. गव्हाने थोडी मदत होते, कारण यीस्ट ज्यापासून ती चव घडवतं त्या फेरुलिक आम्लाचा साठा गव्हात असतो.

उसाच्या जिल्ह्यात गुळाचा मोह होणारच. गूळ घातला तर बिअर गोड होईल असं वाटतं, होतं उलट. उसाची साखर यीस्ट जवळपास सगळी फस्त करतं. मद्य वाढतं, गोडी उरत नाही, अंग पातळ होतं. गोडवा आणि भरीवपणा हवा असेल तर माल्टच वाढवावं लागतं.