धडधड साखरेची की चिंतेची?

टाइप १ मधुमेह : हे लक्षात ठेवा

• आजार : प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने होत नाही. इन्सुलिन रोज, आयुष्यभर.

• शोध : इन्सुलिन, टोरांटो, १९२१. रुग्णाला पहिले इंजेक्शन जानेवारी १९२२.

• सारखी लक्षणे : घाम, थरथर, धडधड. साखर उतरली तरी हीच, घबराट झाली तरी हीच. फरक ग्लुकोमीटर सांगतो.

• रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरखाली : तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काही घालू नये; १०८ला फोन.

• शेतात : कांदा काढणीसारख्या श्रमाने साखर उतरते, कधी काही तासांनी, रात्री झोपेतही. कामावर जाताना खिशात साखरेची पुडी हवी.

• ताण की विकार : सुया, आकडे, खर्च यांचा शीण म्हणजे मधुमेहाचा ताण. कशाचीही काळजी, बहुतेक दिवस, सहा महिने टिकली तर चिंताविकाराची तपासणी. चिंतेमुळे इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये.

• मदत : टेलि-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही. सुरुवात १० ऑक्टोबर २०२२.