हायाबुसा म्हणजे बाइक नव्हे

२३ जानेवारी २०२५. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. बोरिवलीहून मामेभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. इतक्या रात्री त्याचा फोन, म्हणून मी धास्तावूनच उचलला. “झोपली होतीस? हायाबुसा परत येतोय,” तो म्हणाला. एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात ‘निंजा गायडेन ४’, म्हणजे हायाबुसा या निंजाच्या व्हिडिओ गेम मालिकेचा चौथा भाग, नुकताच जाहीर झाला होता. शिवाय २००८चा दुसरा भाग ‘निंजा गायडेन २ ब्लॅक’ या नावानं नव्यानं घडवून त्याच दिवशी विक्रीलाही आला होता. आम्ही दोघंही आता चाळिशीत. मी मुलुंडची. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात, सुट्टीसाठी मामाकडे बोरिवलीला गेले असताना, आम्ही दोघांनी हा निंजा पहिल्यांदा पाहिला होता.

त्या रात्रीपासून २१ ऑक्टोबरला चौथा भाग येईपर्यंतचे नऊ महिने वाट पाहण्यात गेले. तेवढ्या काळात ऑफिसात, लोकलच्या डब्यात, घरच्या लग्नकार्यांत या मालिकेबद्दल जे जे कानावर आलं, त्यातलं बरंच चुकीचं होतं. काही चुकीच्या समजुती मीही तीस वर्षं बाळगून होते. जिच्यावर जीव लावला, तिच्याबद्दल निदान खरं ते माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

“आम्ही हा गेम ‘९९९९९९९ इन वन’वर खेळलोय”

बहुधा नाही. हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं, पण यामागे साधं गणित आहे. मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी घरोघर आलेले ‘टीव्ही गेम’ हे निन्टेंडोच्या जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्यासोबत मिळणाऱ्या पिवळ्या-निळ्या कॅसेटवर लाखो खेळांचा आकडा छापलेला असे. आत मोजके खेळ असत आणि तेच पुन्हा पुन्हा, कधी वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे, कधी नुसतं नाव बदललेले. अशा कॅसेटमध्ये लहान आकाराचेच खेळ मावत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जेमतेम ४० किलोबाइटचा. घरच्या यंत्रावरचा पहिला ‘निंजा गायडेन’ २५६ किलोबाइटचा, म्हणजे सहापटीहून मोठा. तो त्या गर्दीत बसण्यासारखा नव्हताच.

मग अनेकांना आठवतो तो निंजा कोणता? पुष्कळदा तो १९८५चा ‘निंजा-कुन’ असतो, ठेंगणा, गोलमटोल, माळ्यामाळ्यावर उड्या मारत जाणारा. कधी हडसन सॉफ्ट कंपनीचा १९८६चा ‘निंजा हातोरी-कुन’ असतो.

आम्हाला खरा हायाबुसा भेटला तो एकट्या खेळाच्या कॅसेटमध्ये. मामाच्या घराजवळच्या व्हिडिओ लायब्ररीत सिनेमांबरोबर गेमच्या कॅसेटही भाड्यानं मिळत. त्यातल्या एकीवर चुकीचंच चित्र चिकटवलेलं होतं. लावली तर पडद्यावर पौर्णिमेचा चंद्र, खाली गवताचं रान, आणि दोन निंजे एकमेकांवर धावून येतात, उंच झेप घेतात, तलवारी भिडतात आणि एक जण खाली कोसळतो. अक्षरं सगळी जपानी. कोण पडलं, कुणी मारलं, का मारलं, काहीच कळत नव्हतं. दादानं ठरवलं की पडलेला तो नायकाचा गुरू. मी म्हणाले, भाऊ. पुढं कित्येक वर्षांनी कळलं की तो नायकाचा बाप होता आणि मुलगा बापाची चिठ्ठी घेऊन अमेरिकेला निघतो. त्या काळात, १९८८ साली, खेळाच्या मध्येमध्ये सिनेमासारखी दृश्यं घालून सलग गोष्ट सांगणं ही टेक्मो कंपनीची मोठीच करामत होती. आम्ही ती गोष्ट भाषा न येता पाहिली आणि तरीही पुढं काय होतं यासाठी जागलो.

“कॅसेट फुंकली की चालते”, “गेमनं पिक्चर ट्यूब जाते”

या दोन समजुतींशिवाय उपनगरातलं एकही घर नसेल.

फुंकर मारून कॅसेट चालायची हे खरं, पण फुंकरीमुळे नव्हे. कॅसेट काढून पुन्हा बसवली की तिच्या पितळी दातऱ्यांचा आतल्या टोकांशी नव्यानं, वेगळ्या जागी संपर्क होई. काम त्यानं होत असे. तोंडातली वाफ मात्र त्या दातऱ्यांवर बसून त्यांना गंज चढवी. मुंबईच्या दमट हवेत आधीच गंजाची भीती, त्यात आमची भर. निन्टेंडोनंही फुंकू नका असंच सांगितलेलं होतं.

पिक्चर ट्यूबबद्दल मामीचा कडक नियम होता: एक तास, मग बंद. तिची भीती अगदीच निराधार नव्हती. जुन्या काचेच्या टीव्हीवर एकच स्थिर चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग पडद्यावर उमटू शकतो. खेळ पॉज करून तासन् तास तसाच ठेवला तर धोका होता. पण हलत्या चित्रांचा खेळ टीव्हीला मालिकेपेक्षा किंवा सिनेमापेक्षा जास्त इजा करत नसे. मामीला हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं. टीव्ही हप्त्यांवर घेतलेला होता आणि तिची काळजी त्या हप्त्यांची होती, हे मला आज समजतं.

“हायाबुसा? ती ‘धूम’मधली बाइक”

ऑफिसातल्या तरुण सहकाऱ्यांकडून हे सर्वाधिक वेळा ऐकलं. सुझुकीची हायाबुसा १९९९ साली आली आणि २००४च्या ‘धूम’नं ती मुंबईच्या पोरांच्या तोंडी बसवली. र्‍यू हायाबुसा त्याआधी अकरा वर्षं अस्तित्वात होता. जपानीत हायाबुसा म्हणजे आपला बहिरी ससाणा, शिकारीवर झडप घालताना जगातला सर्वांत वेगवान ठरणारा पक्षी. बाइकचं नाव आणि निंजाचं आडनाव दोन्ही त्याच्यावरूनच.

मालिकेचं नावही असंच फसवं आहे. जपानमध्ये ती ‘निंजा र्‍युकेनदेन’ म्हणून ओळखली जाते, म्हणजे साधारण ‘निंजाच्या ड्रॅगन-तलवारीची कथा’. ‘गायडेन’चा अर्थ उपकथा. ते नाव अमेरिकेसाठी घेतलं आणि तेच जगभर रूढ झालं. युरोपात तर ‘निंजा’ शब्दच टाळून ‘शॅडो वॉरियर्स’ असं नाव दिलं होतं.

“हे सगळं इतागाकीचं”

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. तोमोनोबु इतागाकी यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. मार्च २००४मध्ये एक्सबॉक्सवर त्यांनी ‘निंजा गायडेन’ नव्यानं उभा केला. तेरा वर्षांपूर्वीचा, जुन्या मालिकेचा १९९१चा तिसरा भाग ही लोकांची शेवटची आठवण होती. २००५चा ‘ब्लॅक’ आणि नव्या क्रमातला २००८चा दुसरा भाग हेही त्यांचेच. पण मालिकेचा पाया त्यांचा नाही. घरच्या यंत्रावरचा पहिला खेळ हिदेओ योशिझावा यांच्या दिग्दर्शनाखाली झाला. ते चंद्राखालचं द्वंद्व, ती गोष्ट सांगण्याची रीत त्या पहिल्या चमूची. त्याच वर्षी आर्केडवर आलेला ‘निंजा गायडेन’ वेगळाच खेळ होता, रस्त्यावरच्या हाणामारीचा.

चौथा भागही इतागाकींचा नाही. २००८ सालीच ते टेक्मोतून बाहेर पडले. नव्या क्रमातला २०१२चा तिसरा भाग त्यांच्याविना झाला आणि चाहत्यांचा हिरमोड करून गेला. दोष एकट्या कुणाचा नव्हता, पण मारामारीतली धार बोथट झाली होती, असं माझं ठाम मत आहे. आता टेक्मोच्याच टीम निंजा या चमूबरोबर ओसाकाच्या प्लॅटिनमगेम्सनं काम केलं. ‘बेयोनेटा’ घडवणारे हे लोक. गती आणि अचूकपणा यांचा मेळ त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच जानेवारीतल्या त्या रात्री आमची आशा खरोखर जागी झाली.

“तेरा वर्षं मालिका मेलेली होती”

मेलेली नव्हती, आजारी होती. २०१४ला ‘याइबा’ नावाचा, झॉम्बींशी लढण्याचा एक फाटा येऊन गेला, तो विसरलेलाच बरा. २०२१ला जुन्या तीन भागांचा संच आला. पण क्रमांकाचा नवा भाग नाही, हे खरं. ही तेरा वर्षं किती लांब होती हे उपनगरातल्या माणसाला एका खुणेनं कळेल. तिसरा भाग आला तेव्हा अंधेरीहून घाटकोपरला थेट जायला बस किंवा रिक्षाच होती. पहिली मेट्रो ८ जून २०१४ला सुरू झाली. दहिसर ते अंधेरीच्या दोन्ही मार्गिका २०२३मध्ये पूर्ण झाल्या. तोवर हायाबुसा आलाच नाही.

आणि २०२५मध्ये एकदम रांगच लागली. जुलैअखेर स्पेनच्या द गेम किचननं जुन्या पिक्सेल शैलीतल्या चित्रांचा ‘निंजा गायडेन: रेजबाउंड’ आणला. ऑगस्टमध्ये सेगाचा ‘शिनोबी’ हा दुसरा जुना निंजा-खेळही पॅरिसच्या लिझर्डक्यूबच्या हातून हातानं काढलेल्या चित्रांत परतला. सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात शॉ वॉलेसनं १९९५मध्ये आणलं होतं, किंमत १८,००० रुपये. आमच्या ओळखीत कुणाकडेच ते नव्हतं, त्यामुळे ‘शिनोबी’ आम्हाला फक्त ऐकून माहीत होता.

“एक्सबॉक्स नसेल तर खेळता येत नाही”

चूक. चौथ्या भागाचं प्रकाशन एक्सबॉक्सचं आहे, मालिका मात्र टेक्मोचीच, म्हणजे आताच्या कोएई टेक्मोचीच. प्लेस्टेशन ५ आणि कॉम्प्युटरवरही तो भाग त्याच दिवशी आला.

“नुसती बटणं बडवायची”

हे ऐकलं की मला राग येतो. बटणं बडवणारा या खेळात सुरुवातीलाच मरतो. आधी अडवायला शिकावं लागतं, मग निसटायला, आणि मारणं शेवटी. ‘इझुना ड्रॉप’ म्हणजे शत्रूला हवेत उचलून, धरून, डोक्यावर आपटणं. तो साधायला बटणांचा क्रम हाताला इतका रुळावा लागतो की डोकं मोकळं राहतं. दुसऱ्या भागात हात किंवा पाय गमावलेला शत्रू मागं हटत नाही, उलट अंगावर झेपावून स्वतःसकट तुम्हाला संपवू पाहतो. म्हणजे जखमी शत्रू आधी पाहायचा, धडधाकट नंतर. ही खरी रणनीती आहे.

अवघडपणाचा लौकिक पहिल्यापासूनचा. १९८८च्या खेळात अखेरच्या लढतीत हरलात तर थेट सहाव्या अंकाच्या सुरुवातीला पाठवत. दादा आणि मी त्या मे महिन्यात तिथपर्यंत एकदाच पोहोचलो. मामीचा तास संपला होता.

याच्या उलट टोकाची तक्रारही ऐकू येते: चौथ्या भागात ‘हीरो’ नावाची सोपी पातळी दिली, अडवणं-चुकवणं आपोआप होतं, म्हणजे मालिका बाटली. पण सोपी वाट २००५च्या ‘ब्लॅक’मध्येही होती. सुरुवातीला तीनदा मेलात की खेळ तुम्हाला ‘निंजा डॉग’ होण्याचा पर्याय देई आणि हातात रिबन बांधी. तेव्हा त्यात चिडवणं होतं, आता आमंत्रण आहे. मला आमंत्रण जास्त पटतं. ऑफिस, घर, पालक यांतून अर्धा तास काढणाऱ्या माणसालाही हा खेळ पाहता यावा.

हायाबुसाला काढून टाकलं, ही अफवाही खोटी. नायक याकुमो नावाचा तरुण आहे, दुसऱ्या कुळातला, पण हायाबुसाही काही भागांत खेळायला मिळतो. माझ्या मते कमी मिळतो.

“निंजा ना? मग मुलांना चालेल”

आईबापांनो, हे मात्र नीट वाचा. आपल्याकडे निंजा म्हटलं की टीव्हीवरचा हातोरी आठवतो. तो लाडका निंजा फुजिको फुजिओ (ए) यांच्या १९६०च्या दशकातल्या चित्रकथेतून आला, आणि तो मुलांसाठीच आहे. ‘निंजा गायडेन ४’वर युरोपच्या वर्गवारीचा १८ आकडा आहे. रक्त, तुटणारे अवयव सगळं आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देण्याची ही वस्तू नाही. माझ्या भाच्याला मी ती दाखवलेलीही नाही.

दुसरी भीती, “सरकारनं गेम बंद केले ना?” ऑगस्ट २०२५चा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. विकत घेऊन घरी खेळायच्या खेळाला त्याची आडकाठी नाही.

आणि निंजाचा तो काळा पोशाख? खरे शिनोबी, म्हणजे निंजा, शेतकरी, व्यापारी, भिक्षू अशा वेषांत फिरत, कारण ओळखू न येणं हेच त्यांचं काम. काळ्या वेषाची कल्पना रंगभूमीवरच्या काळ्या कपड्यांतल्या मदतनिसांवरून रुजली, असं अभ्यासक मानतात. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

इतागाकी १६ ऑक्टोबर २०२५ला, ५८व्या वर्षी गेले. पाच दिवसांनी चौथा भाग आला. त्या रात्री दादानं आणि मी फोन चालू ठेवून, आपापल्या घरी, एकदमच तो सुरू केला.

मामाची इमारत आता पुनर्विकासात गेली आहे. घर रिकामं करताना माळ्यावरचं सामान एका टेम्पोत भरून भंगारवाल्याला दिलं, त्यात तो टीव्ही गेमही गेला. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आज कितीतरी सोसायट्या अशाच रिकाम्या होत आहेत. तुमच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट सापडली तर ती टाकू नका. फुंकू तर मुळीच नका. कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दातऱ्या हलक्या हातानं पुसा, वाळू द्या आणि मग लावून पाहा.