खोकताना लघवी सुटते, पण सोनोग्राफी ‘नॉर्मल’!

सार्वजनिक नळावरून भरलेला हंडा उचलला की लघवीचे थेंब सुटतात. शिंक आली, जोरात हसू आले की लुगडे ओले होते. मग बाई बाहेर पडायच्या दिवशी पाणीच पीत नाही, एसटीचा लांबचा प्रवास नको म्हणते, विहारातल्या कार्यक्रमात दाराजवळची जागा धरते. विचारले तर म्हणते, “वय झालं आता.” वयाने त्रास वाढतो हे खरे, पण पहिल्या बाळंतपणानंतर पंचविशीतल्या मुलींनाही तो होतो.

एखादी धीर करून दवाखान्यात जाते. पैसे जमवून सोनोग्राफी करते. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येते आणि घरचे म्हणतात, “बघ, काही नाही तुला.” इथेच गफलत होते. पोटावरून होणाऱ्या नेहमीच्या सोनोग्राफीत बाई स्वस्थ पडलेली असते. गर्भाशयाची गाठ, मुतखडा त्यात दिसू शकतो. लघवी मात्र सुटते ती पोटावर जोर आल्यावर, आणि तो क्षण त्या फोटोत येतच नाही. रिपोर्टही खरा, बाईचा त्रासही खरा.

लघवीच्या पिशवीला आणि मूत्रमार्गाला खालून स्नायूंचा झोळीसारखा आधार असतो. बाळंतपण, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेले वजन, वर्षानुवर्षे उचललेली ओझी यांनी ही झोळी सैल पडते. खोकल्यासरशी पिशवीचे तोंड खाली सरकते आणि मूत्रमार्ग नीट मिटत नाही.

हे बघायची सोनोग्राफी वेगळी असते. प्रोबला स्वच्छ आवरण घालून तो मांड्यांच्या मधोमध, बाहेरूनच टेकवतात. आत काही घालत नाहीत. डॉक्टर खोकायला, कुंथायला सांगतात आणि पिशवीचे तोंड समोरच्या हाडाच्या मानाने किती खाली आले ते पडद्यावर मोजतात. 25 मिलिमीटर किंवा जास्त सरकले तर आधार सैल आहे असे बरेच तज्ज्ञ धरतात. पण नुसत्या या आकड्यावर निदान होत नाही. मग स्नायू आवळायला सांगतात. कित्येक जणी आवळायच्या ऐवजी खाली जोर देतात. पडद्यावर स्वतः पाहिले की ती चूक लगेच कळते, आणि माझ्या मते या तपासणीचा बाईला सगळ्यात मोठा फायदा हाच.

मात्र ही सोय सगळीकडे नाही आणि प्रत्येकीला तिची गरजही नाही. ऑपरेशनचा विचार असेल किंवा आधीचे ऑपरेशन फसले असेल तेव्हा ती जास्त कामाची. सुरुवात होते ती नीट विचारपूस, लघवीची तपासणी आणि पिशवी भरलेली असताना खोकून बघणे, यांनी. लघवी साफ होत नसेल तर लघवीला जाऊन आल्यावर पिशवीत किती उरते, हे मात्र साध्या सोनोग्राफीतही मोजता येते. तेवढे मुद्दाम सांगून मोजून घ्या.

व्यायामासाठी सोनोग्राफीची वाट बघू नका. लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरतो तसे स्नायू वर आवळायचे, थोडे धरायचे, सोडायचे. श्वास कोंडायचा नाही. एका वेळी किमान 8 वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. “गर्भाशय काढा, बरे वाटेल,” असे कोणी सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. खोकताना लघवी सुटण्यावर तो इलाज नव्हे. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या.

डॉक्टरांपुढे “खाली त्रास आहे” एवढ्यावर थांबू नका. “खोकल्यावर, ओझे उचलल्यावर लघवी सुटते” असे स्पष्ट सांगा. लघवीत रक्त दिसले, लघवी अडली, किंवा बाळंतपणानंतर ती दिवसरात्र गळतच राहिली, तर अंगावर काढू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा.