नव्या फोनचे पहिले चार दिवस

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. पुढे त्या परिसरात लहानमोठे कारखाने उभे राहिले; हथखोजची औद्योगिक वसाहत ही त्यांतलीच. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्या जुन्या नात्याची आठवण देणारी मराठी घरे इकडे आजही आहेत. आमचे घर त्यांपैकीच एक.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही एक स्मार्टफोन घेतला. दिवसा कारखान्यात नकाशांची छायाचित्रे घ्यायला तो मला हवा होता आणि संध्याकाळी अभ्यासाच्या ध्वनिचित्रफिती पाहायला मुलीला. निम्म्या पगाराची वस्तू. म्हणून एकच घेतली व दोघांत वाटून घेतली.

पहिले दर्शन मोठे लोभस होते. काच आरशासारखी नितळ, मराठी अक्षरे रेखीव. परंतु वस्तूची खरी ओळख ती कामाला लावल्यावरच होते.

पहिल्याच दिवशी शेडमध्ये हातमोजा घालून मी काचेवर बोट फिरवले; फोन ढिम्म हलेना. ही काच दाब ओळखीत नाही. बोटाच्या स्पर्शाने तिच्यावरील सूक्ष्म विद्युतक्षेत्रात जो फरक पडतो, तेवढाच तिला कळतो. जाड मोज्यातून तो पोचत नाही, आणि घामाच्या थेंबाने तिचा गोंधळ उडतो.

दुसऱ्या दिवशी उन्हाने परीक्षा घेतली. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. असे फोन मात्र साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत, असे उत्पादक सांगतात. फोनमध्ये पंखा नसतो. आतली चकती तापली, की ती स्वतःच आपला वेग कमी करते. म्हणजे आपण ज्याला बिघाड समजतो, तो पुष्कळदा यंत्राने केलेला आत्मबचाव असतो. उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटते; तापलेला फोन चार्जिंगला लावणे तर अधिकच अहितकारक.

तिसरी अडचण जागेची. खोक्यावर ३२ गिगाबाइट लिहिले होते. उत्पादक एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर संगणकाच्या द्विमान हिशेबात ते १,०७,३७,४१,८२४ बाइट होतात. त्या मापाने ३२ चे सुमारे २९.८ च उरतात, आणि त्यांतूनही मोठा वाटा फोनची स्वतःची प्रणाली घेते.

चौथ्या संध्याकाळी, मुलीच्या चाचणीच्या आदल्या दिवशी, पाठ मध्येच थांबला. ती काही बोलली नाही. वही मिटून बसली. मला वाटले, जागा भरली. मेमरी कार्ड घातले की झाले. पण पाठ पुन्हा तसाच अडला, कारण दोष कोठाराचा नव्हता. कारखान्यातील कपाट आणि कामाचे टेबल या दोन वस्तू निराळ्या. कपाटात सामान राहते, टेबलावर काम चालते. फोनमधील साठवण हे कपाट, आणि रॅम हे टेबल. आमच्या फोनचे टेबल २ गिगाबाइटचे. त्यावर माझी कामाची ॲप्स पसरलेली असताना तिच्या पाठाला जागा कोठून मिळणार? कार्डाने कपाट वाढते, टेबल नव्हे. ते मुख्य पट्टीवर डाख देऊन कायमचे बसवलेले असते.

फोन परत घेण्यास दुकानदार तयार नव्हता. तेव्हा मी माझी ॲप्स काढून टाकली आणि नकाशे पुन्हा कागदावर वापरू लागलो. मुलीचे पाठ आता, थोडे रेंगाळत का होईना, पुरे होतात.

श्रोतेहो, पुढे बदलता येतील त्या गोष्टी खरेदीच्या वेळी दुय्यम माना. कव्हर बदलते, कार्ड बदलते. रॅम, चकती आणि कॅमेरा बदलत नाहीत. सुरक्षेची अद्ययावत प्रणाली किती वर्षे मिळणार, हेही विचारून घ्या. हे चार प्रश्न दुकानात विचारले असते, तर ती संध्याकाळ मुलीच्या वाट्याला आली नसती.